अमेरिकेतलं इमिग्रेशन विधेयक अडतं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून ग्रीन कार्डच्या (अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याच्या) रांगेत असलेल्यांचे आणि त्यांच्या पुण्या-मुंबई-नागपूरच्या घरच्यांचे आहेत. दर निवडणुकीआधी 'यंदा कायदा होणार' म्हणून बातमी येते आणि नंतर काहीच होत नाही, हे का, एवढंच इथे सांगायचा प्रयत्न आहे. यात वकिली सल्ला नाही. स्वतःच्या केससाठी वकीलच गाठावा.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात शेवटचा मोठा बदल कधी झाला?

१९९० साली. थोरल्या बुश यांनी त्या वर्षी २९ नोव्हेंबरला सही केली आणि आज आपण ज्या आकड्यांशी झगडतो ते जवळपास सगळे त्या कायद्यातून आले. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं, कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त नाहीत, एच-१बी हा कुशल नोकरदारांचा तात्पुरता व्हिसा आणि त्याची वर्षाला ६५,००० ची मर्यादा. वर्ल्ड वाइड वेब तेव्हा लोकांसाठी खुलंही झालं नव्हतं. त्या १,४०,००० मध्ये नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात, त्यामुळे प्रत्यक्ष नोकरदारांच्या वाट्याला साधारण निम्मीच कार्डं येतात.

त्यानंतर काहीच झालं नाही असं नाही. १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या काळात बेकायदा राहिलेल्यांना ३ आणि १० वर्षं प्रवेशबंदीची तरतूद आली. २००० साली एच-१बीचा कोटा काही वर्षांसाठी १,९५,००० पर्यंत वाढवला, तो २००४ मध्ये पुन्हा खाली आला आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळे ठेवले गेले. २००० च्याच कायद्यात आणखी एक छोटी सोय होती: ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवून मिळेल. रांग थोड्या काळाची असेल या समजुतीने दिलेली ही सोय. आज लाखो भारतीय कुटुंबांचा अमेरिकेतला संसार तिच्यावर उभा आहे.

कायद्यातली एक तारीख तर बघण्यासारखी आहे. फार वर्षांपासून अमेरिकेत राहिलेल्या माणसाला, कागद नसले तरी, ग्रीन कार्ड मागता येतं. अट एवढीच की तो १ जानेवारी १९७२ च्या आधी आलेला हवा. ही तारीख रेगन यांच्या १९८६ च्या कायद्याने ठरवली. ती पुढे सरकवा म्हणून विधेयकं येतात आणि जातात, तारीख जागची हललेली नाही.

मग विधेयक अडतं ते नेमकं कुठे?

तीन ठिकाणी, आणि तिन्हींची किल्ली वेगवेगळ्या लोकांकडे.

हाउस म्हणजे काँग्रेसचं, अमेरिकेच्या संसदेचं, खालचं सभागृह. तिथे ४३५ सदस्य आहेत, २१८ मतं पुरतात. पण मतदानाला काय घ्यायचं हे स्पीकर ठरवतो. रिपब्लिकन स्पीकर बऱ्याच वर्षांपासून एक अलिखित नियम पाळत आले आहेत: स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्यांना नको असलेलं विधेयक पटलावर घ्यायचं नाही. विरोधकांची सगळी आणि आपली थोडी मतं मिळून ते आरामात पास होणार असलं, तरी नाही. स्पीकरला वळसा घालायला २१८ सह्यांची सोय आहे. २०१८ मध्ये 'ड्रीमर्स'साठी, म्हणजे लहानपणी आलेल्या पण कागद नसलेल्यांसाठी, तो मार्ग वापरून पाहिला गेला. सह्या २१६ वर थांबल्या.

सिनेट या वरच्या सभागृहात १०० सदस्य. कायदा पास व्हायला साधं बहुमत लागतं, पण चर्चा संपवून मतदानापर्यंत पोहोचायलाच ६० मतं लागतात. हाच तो फिलिबस्टर. ६० चा आकडा १९७५ पासूनचा, त्याआधी दोन तृतीयांश लागत. पूर्वी अडवणाऱ्याला तासन् तास उभं राहून बोलावं लागे, आता नुसती हरकत कळवली तरी भागतं. एका पक्षाकडे ६० जागा असण्याचा प्रसंग अलीकडे एकदाच आला, २००९-१० मध्ये डेमोक्रॅट्सकडे, तोही काही महिनेच. ते महिने आरोग्य विम्याच्या कायद्यात गेले. डिसेंबर २०१० मध्ये ड्रीमर्सचं विधेयक हाउसमधून पास होऊन सिनेटमध्ये आलं, तेव्हा ५५ विरुद्ध ४१ मतं पडली. ५५ जिंकूनही हरले.

तिसरी किल्ली राष्ट्राध्यक्षाच्या सहीची. इमिग्रेशनची गाडी तिथवर क्वचितच पोहोचते.

भारतात बहुमत असलं की सरकार कायदा करून मोकळं होतं. तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या पक्षाला कामाला लावू शकत नाही का?

आपल्याकडे लोकसभेत बहुमत गेलं तर सरकारच पडतं, आणि व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली खासदारकी जाते. अमेरिकेत यातलं काहीच नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षं बसतो, संसद त्याच्या विरोधात असली तरी. आणि पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याची जागा कोणी काढून घेऊ शकत नाही.

त्याला भीती असते ती प्रायमरीची. उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, पक्षाचे मतदारच आधी एक निवडणूक घेऊन ठरवतात. तिथे मतदान कमी आणि कडवे लोक जास्त. बहुतेक मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले झाल्यामुळे खरी लढत तिथेच होते. इमिग्रेशनवर विरोधकांशी हात मिळवलेला फोटो नोव्हेंबरमध्ये कदाचित मतं देईल, पण प्रायमरीत तो हमखास घात करतो.

२०१३ मध्ये कायदा खरंच होता होता राहिला?

हो, आणि रांगेतल्या भारतीयांनी हळहळावं असं एखादं वर्ष असेल तर ते हेच.

चार डेमोक्रॅट (शूमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट) आणि चार रिपब्लिकन (मकेन, ग्रॅहम, रुबिओ, फ्लेक) अशा आठ सिनेटरांनी मिळून एस. ७४४ हे विधेयक तयार केलं. २७ जून २०१३ ला सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी पास केलं, १४ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं. कागद नसलेल्यांना नागरिकत्वाकडे जाणारी १३ वर्षांची वाट, बदल्यात सीमेवरच्या पोलिसांची संख्या जवळपास दुप्पट आणि ७०० मैलांचं कुंपण.

आपल्याकडच्या बातम्यांत याची चर्चा झाली ती एच-१बीवर जास्त अवलंबून असलेल्या भारतीय आयटी कंपन्यांना जाचक ठरणाऱ्या अटींमुळे. त्या होत्याच. पण त्याच विधेयकात नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा काढून टाकलेली होती, आणि नवरा-बायको व मुलं कोट्यात मोजायची नव्हती. म्हणजे आज दशकभर थांबलेल्या पुण्याच्या इंजिनिअरची रांग त्या एका कायद्याने बरीचशी विरघळली असती.

हाउसमध्ये स्पीकर जॉन बेनर यांनी ते मतदानाला घेतलंच नाही. घेतलं असतं तर पास झालं असतं असं तेव्हा बहुतेक जाणकार म्हणत होते, मलाही तसंच वाटतं. बेनर तुकड्या-तुकड्याने विधेयकं आणू म्हणत राहिले. मग १० जून २०१४ ला हाउसमधले क्रमांक दोनचे रिपब्लिकन नेते एरिक कँटर व्हर्जिनियातल्या प्रायमरीत डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. ब्रॅट यांचा मुख्य आरोप होता की कँटर इमिग्रेशनवर मवाळ आहेत. प्रत्यक्षात कँटर यांनी त्या विधेयकासाठी बोटही हलवलं नव्हतं. संशयानेच काम केलं. महिनाअखेरीला ओबामांनी जाहीर केलं की या वर्षी हाउसमध्ये मतदान होणार नाही असं बेनर यांनी आपल्याला सांगितलं आहे.

दोष रिपब्लिकनांचाच आहे, असं म्हणायचं का?

२०१३ पुरतं विचाराल तर हो. एरवी इतकं सोपं नाही. २००७ मध्ये धाकटे बुश, म्हणजे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष, स्वतः सर्वसमावेशक कायद्यासाठी झटत होते आणि डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी त्यांच्यासोबत होते. तेव्हा कामगार संघटनांना तात्पुरत्या परदेशी कामगारांची योजना नको होती. ती पाच वर्षांनी बंद करणारी दुरुस्ती सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशी एका मताने मंजूर झाली, आणि तेव्हा सिनेटर असलेल्या ओबामांनी तिच्या बाजूने मत दिलं. जुळवून आणलेली तडजोड तिथे उसवली. २८ जूनला लागणाऱ्या ६० मतांऐवजी फक्त ४६ मिळाली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत दहाहून जास्त डेमोक्रॅटही होते.

माझं मत असं की न सुटलेला प्रश्न दोघांनाही सुटलेल्या प्रश्नापेक्षा जास्त उपयोगी पडतो. एकाला सीमेच्या नावाने मतं मागता येतात, दुसऱ्याला ड्रीमर्सच्या. सुटला तर श्रेय वाटून घ्यावं लागेल, आणि पुढच्या प्रायमरीत जाब द्यावा लागेल तो वेगळाच.

आम्ही तर कायदेशीर मार्गाने आलो. आमचं विधेयक वेगळं का काढत नाहीत?

काढलं होतं. दोनदा. आणि तीच खरी बोचणारी गोष्ट आहे, कारण तिथे दोन पक्षांचं भांडण असं नव्हतंच.

२०११ मध्ये नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची ७ टक्क्यांची मर्यादा काढणारं एच. आर. ३०१२ हाउसने ३८९ विरुद्ध १५ मतांनी पास केलं. सिनेटमध्ये आयोवाचे चक ग्रासली यांनी ते रोखून धरलं. काही महिन्यांनी त्यांची समजूत निघाली, तोवर वेळ निघून गेली होती.

२०१९ मध्ये पुन्हा. १० जुलैला एच. आर. १०४४ हाउसमधून ३६५ विरुद्ध ६५ ने पार. सिनेटमध्ये युटाचे माइक ली आणि कमला हॅरिस यांचं एस. ३८६ होतं, कट्टर रिपब्लिकन आणि कॅलिफोर्नियाची डेमोक्रॅट एकत्र. ली यांनी ते 'कोणाचीच हरकत नाही' या पद्धतीने, म्हणजे मतदानाशिवाय, पास करून घ्यायचा प्रयत्न केला. पूर्ण चर्चेला आठवडा लागतो आणि सिनेटचा आठवडा बहुमतातल्या पक्षाच्या नेत्याच्या हातात असतो, म्हणून छोट्या विधेयकांना हाच मार्ग उरतो. पण त्यात एका माणसाची हरकत पुरते.

आणि दर वेळी एक माणूस निघत गेला. केंटकीचे रँड पॉल यांना परदेशी नर्सेसची काळजी होती, त्यांची सोय झाली. मग जॉर्जियाचे परड्यू. मग इलिनॉयचे डर्बिन, तेच २०१३ च्या आठांपैकी एक. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: एकूण कार्डं न वाढवता फक्त मर्यादा काढली तर भारतीयांची रांग छोटी होईल आणि बाकीच्या देशांची मोठी, त्यापेक्षा कार्डंच वाढवा. पण कार्डं वाढवायला रिपब्लिकन तयार नव्हते. डर्बिन यांच्याशी तडजोड झाली, तर फ्लोरिडाचे रिक स्कॉट आडवे आले. अखेर २ डिसेंबर २०२० ला बऱ्याच अटी चिकटलेलं विधेयक सिनेटने पास केलं.

दोन्ही सभागृहांनी पास केलं, तरी कायदा झाला नाही. दोन्हींचा मजकूर वेगळा होता, मेळ बसवायला महिनाच हातात होता, आणि ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेसची मुदत संपली. मुदत संपली की प्रलंबित विधेयकं आपोआप बाद होतात. आपल्याकडे लोकसभा विसर्जित झाली तरी राज्यसभेत मांडलेली आणि तिथेच असलेली विधेयकं टिकतात. तिथे दर दोन वर्षांनी पाटी कोरी.

पण बहुतेक सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट अशी अडून का राहते?

कारण ती मान्य आहे म्हणूनच. मोठ्या सौद्यात नावडती कलमं गिळायला लावण्यासाठी काहीतरी गोड लागतं. उच्चशिक्षित स्थलांतरितांची सुधारणा हे ते गोड. व्यापारी संघटनांना ती हवी, बऱ्याच रिपब्लिकनांनाही हवी. डेमोक्रॅट्सचा हिशेब असा की ती सुटी देऊन टाकली तर उद्या कागद नसलेल्या सव्वा कोटीच्या आसपास लोकांसाठी बोलणी करताना आपल्या हातात काय उरणार? म्हणजे लग्नातल्या वादात वऱ्हाडाचं जेवण अडवून ठेवावं तसं. जेवण कोणालाच नकोसं नसतं, म्हणून तर अडवण्यात अर्थ असतो.

शिवाय भारतीयांची बाजू ही सगळ्या स्थलांतरितांची बाजू नाही, हे आपण फार कमी वेळा बोलतो. २०२२ मध्ये याच आशयाचं 'ईगल ॲक्ट' बायडन प्रशासनाच्या पाठिंब्यासह डिसेंबरात मतदानाला येणार होतं. डेमोक्रॅट्समध्येच इतर देशांच्या लोकांवर होणाऱ्या परिणामावरून नाराजी होती. मतदान झालंच नाही.

७ टक्क्यांची मर्यादा गेली तर आमची प्रतीक्षा संपेल?

कमी होईल, संपणार नाही. केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या २०२३ च्या हिशेबानुसार नोकरीच्या रांगेत १८ लाखांवर लोक होते, त्यात सुमारे ११ लाख भारतीय. वर्षाला १,४०,००० कार्डं धरा आणि स्वतः भागाकार करून बघा. २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन मुख्य श्रेणींतल्या तारखा (म्हणजे कोणत्या दिवसापर्यंतच्या अर्जांची पाळी आली) २०१२ ची अखेर ते २०१३ यांच्यातच फिरत होत्या.

२०२४ च्या सीमा-विधेयकाचं काय झालं? त्यात एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) बद्दल काहीतरी होतं ना?

होतं. ओक्लाहोमाचे जेम्स लँकफर्ड (रिपब्लिकन), कनेक्टिकटचे ख्रिस मर्फी (डेमोक्रॅट) आणि ॲरिझोनाच्या क्रिस्टन सिनेमा (अपक्ष) यांनी चार महिने खपून मसुदा केला. ४ फेब्रुवारीला तो जाहीर झाला, युक्रेन आणि इस्रायलच्या मदतीसह एकूण ११८ अब्ज डॉलरचा. गंमत म्हणजे सीमेची अट रिपब्लिकनांनीच युक्रेनच्या पैशाला लावली होती. विधेयक मुख्यतः कडक होतं: आश्रय मागणाऱ्यांसाठी कठोर निकष, गर्दी वाढली की सीमा बंद करण्याचे अधिकार. आत कुठेतरी पाच वर्षांत अडीच लाख जादा व्हिसा, एच-१बीवाल्यांच्या मुलांना २१ नंतर संरक्षण आणि एच-४ वरच्या जोडीदारांना कामाची परवानगी होती.

डोनाल्ड ट्रम्प तेव्हा प्रचारात होते, त्यांनी विरोध केला. स्पीकर माइक जॉन्सन यांनी हाउसमध्ये याला थारा नाही असं सांगून टाकलं. तीन दिवसांत, ७ फेब्रुवारीला, सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५० ने ते पडलं. मेमध्ये डेमोक्रॅट्सनी युक्रेनचा भाग काढून तेच पुन्हा मतदानाला आणलं, फक्त विरोधकांना उघडं पाडायला. या वेळी लँकफर्ड आणि सिनेमा यांनी स्वतःच लिहिलेल्या मजकुराविरुद्ध मत दिलं. निकाल ४३ विरुद्ध ५०.

अर्थसंकल्पाच्या मार्गाने ५१ मतांत काम होतं म्हणे?

होतं, पण पैशाचं काम. रिकन्सिलिएशन नावाच्या या मार्गाला फिलिबस्टर लागू होत नाही, मात्र विषय मुळात खर्चाचा किंवा महसुलाचा हवा. आपल्याकडे धन विधेयक कोणतं यावर वाद होतो, तसाच तिथेही होतो. फरक इतका की भारतात निर्णय लोकसभेचे अध्यक्ष देतात, तर तिथे सिनेटची पार्लमेंटेरियन ही बिगरराजकीय अधिकारी सल्ला देते.

२०२१ मध्ये डेमोक्रॅट्सनी या मार्गाने कागद नसलेल्यांना दर्जा द्यायचा तीनदा प्रयत्न केला. पार्लमेंटेरियन एलिझाबेथ मॅकडोनो यांनी तिन्ही वेळा नाही म्हटलं: हा धोरणाचा बदल आहे, पैसा त्यात दुय्यम आहे. (या बाईंनी सिनेटच्या आधी न्यू जर्सीत सरकारी वकील म्हणून इमिग्रेशनच्याच केसेस लढवल्या होत्या, त्यामुळे विषय त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.) हाउसच्या त्या पॅकेजमध्ये जुनी न वापरलेली ग्रीन कार्डं परत मिळवण्याची तरतूदही होती. पॅकेजसोबत तीही बारगळली.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेला मोठा कायदा याच मार्गाने आला. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५०, आणि उपाध्यक्ष व्हान्स यांचं निर्णायक मत. भिंतीसाठी ४६.५ अब्ज, अटककेंद्रांसाठी ४५ अब्ज, एकूण इमिग्रेशनच्या अंमलबजावणीवर सुमारे १७० अब्ज डॉलर. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या आई-वडिलांनाही लागू होऊ शकणारी २५० डॉलरची नवी फी त्याच कायद्यात आहे. कोंडी सगळ्यांना सारखी लागत नाही, ती अशी. माणसं पकडायला पैसा साध्या बहुमताने मिळतो, माणसाला दर्जा द्यायला ६० मतं लागतात.

कायदा होत नाही, तरी नियम सारखे कसे बदलतात?

राष्ट्राध्यक्षाच्या आदेशाने. संसदेने जागा मोकळी सोडली की ती दुसरं कोणीतरी भरतंच. ओबामांनी १५ जून २०१२ ला ड्रीमर्ससाठी 'डाका' आणलं, म्हणजे हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाची परवानगी. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये ते बंद करायला घेतलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने बंद करण्याची पद्धत चुकीची ठरवली. त्यानंतर टेक्सासातल्या कोर्टाने नवे अर्ज थांबवले. एवढं होऊन त्या मुलांकडे आजही ग्रीन कार्ड नाही.

एच-४ वरच्या अनेक जोडीदारांना काम करता येतं तेही २०१५ च्या सरकारी नियमामुळे, संसदेच्या कायद्यामुळे नाही. नियम आहे म्हणजे पुढचं सरकार तो काढू शकतं. आणि १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणापत्राने देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले. ते सध्याच्या व्हिसाधारकांना लागू नाही हे स्पष्टीकरण दुसऱ्या दिवशी आलं. मधल्या काळात सुट्टीवर भारतात आलेल्या लोकांनी मिळेल त्या भावाने तिकिटं काढली. संसदेने वर्षानुवर्षं मोठा हात न लावलेल्या व्हिसाची किंमत एका सहीने अशी बदलली.

मुलगी २१ ची होणार आहे. तिच्यासाठी काही चाललंय का?

आई-वडिलांच्या अर्जावर असलेलं मूल २१ वर्षांचं झालं की रांगेतून बाहेर पडतं. २००२ च्या कायद्याने वय मोजताना काही सवलत दिली आहे, पण दशकभराच्या रांगेपुढे ती तोकडी पडते. पुढे विद्यार्थी व्हिसा, नाहीतर देश सोडणं. चौथ्या वर्षी आलेल्या आणि मराठी तोडकीमोडकी बोलणाऱ्या मुलीला 'परत जा' म्हणजे कुठे जा, हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे. 'डाका'ही तिला मिळत नाही, कारण त्यासाठी १५ जून २०१२ ला कायदेशीर दर्जा नसणं ही अट होती. आई-वडिलांनी नियम पाळले, त्याची ही शिक्षा.

कॅलिफोर्नियाचे अलेक्स पडिया आणि रँड पॉल (हो, तेच) यांनी या मुलांसाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' मांडलं, हाउसमध्ये डेबोरा रॉस यांनी. उघड विरोध जवळपास कोणाचाच नाही. स्वतंत्र मतदान मात्र झालेलं नाही. वय २० च्या आत असेल तर वकिलाकडे आत्ताच जा, विधेयकाची वाट बघू नका.

अमेरिकेतल्या लोकांना तरी काय हवंय?

गॅलपच्या पाहणीत २०२४ मध्ये ५५ टक्के लोकांना इमिग्रेशन कमी व्हावं असं वाटत होतं. २०२५ मध्ये तेच प्रमाण ३० वर आलं, आणि इमिग्रेशन देशासाठी चांगलं म्हणणारे ७९ टक्के झाले. एका वर्षात एवढा झोका. सिनेटच्या नियमांना त्याची झळ लागत नाही.

भारतीय वंशाचे खासदार काही करू शकत नाहीत का?

सध्या हाउसमध्ये सहा जण आहेत, त्यात मूळचे बेळगावचे आणि मराठी बोलणारे मिशिगनचे श्री ठाणेदारही. सहाही डेमोक्रॅट, आणि हाउस रिपब्लिकनांच्या हातात. अल्पमतातल्या सदस्याला विधेयक मांडता येतं, पटलावर आणता येत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात त्यांना प्रश्न जरूर विचारा, पण उत्तर याहून वेगळं मिळणार नाही.

व्हॉट्सॲपवर 'नवं ग्रीन कार्ड बिल आलं' असा मेसेज आला. खरा मानायचा का?

'आलं' म्हणजे बहुधा 'मांडलं'. दर दोन वर्षांत हजारो विधेयकं मांडली जातात, बहुतेकांवर समितीत चर्चाही होत नाही. काँग्रेसच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहा. 'समितीकडे पाठवलं' एवढंच लिहिलं असेल तर ते पडून आहे. समितीत मतदान झालं असेल तर लक्ष द्या. सिनेटमध्ये ६० चा टप्पा पार केला, तर आईला फोन करायला हरकत नाही.

सध्या प्रलंबित काय आहे?

नाव घेण्यासारखं एक: जुलै २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या मारिया एल्विरा सलाझार (रिपब्लिकन) आणि टेक्सासच्या व्हेरोनिका एस्कोबार (डेमोक्रॅट) यांनी पुन्हा मांडलेलं 'डिग्निटी ॲक्ट'. कागद नसलेल्यांना दंड भरून राहायची परवानगी, पण नागरिकत्व नाही, आणि देशवार मर्यादा ७ वरून १५ टक्के. दोन्ही पक्षांचे सह्या करणारे मिळालेत. स्पीकरने पटलावर घेतलं नाही, तर ३ जानेवारी २०२७ ला ही काँग्रेस संपेल आणि नव्या क्रमांकाने पुन्हा सुरुवात.

आम्हाला मत नाही. खासदाराच्या कार्यालयात फोन करून काही उपयोग?

थोडा, पण शून्य नाही. तुम्ही नागरिक आहात का हे विचारत नाहीत, झिप कोड विचारतात. मतदारसंघाबाहेरचा फोन मोजला जात नाही, म्हणून प्रसिद्ध नेत्याच्या मागे न लागता स्वतःच्या भागातला सदस्य शोधा, विशेषतः तो रिपब्लिकन असेल तर. विधेयकाचा क्रमांक सांगा आणि एकच मागणी करा. यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याकडे, एखादी फाइल अडकली असेल तर तीही हेच कार्यालय विचारून देतं, त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो, आणि अनुभव असा की कायद्यापेक्षा हे काम बरंच लवकर होतं.